ध्वनिमुद्रणाचे रूपांतर आणि मुक्त आज्ञावली
(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



भाषाविषयाच्या अध्यापनात ध्वनिमुद्रणाचा उपयोग कसा करावा, यासंबंधी सकाळच्या सत्रात विस्ताराने चर्चा झाली. कविता तालासुरात ऐकविणे, मुलांचे प्रकट वाचन मुद्रित करून त्यांचे त्यांना ऐकविणे, गावातील वडीलधाऱ्यांच्या गोष्टी जतन करणे, या उपक्रमांचे महत्त्व आपणांस पुन्हा सांगण्याचे कारण नाही. परंतु या सर्व उपक्रमांच्या वाटेत एक लहानशी तांत्रिक अडचण उभी राहते आणि तिच्यापायी चांगले काम अर्ध्यावर थांबते. एका यंत्रावर मुद्रित केलेला आवाज दुसऱ्या यंत्रावर वाजत नाही, ही ती अडचण होय. ती दूर करण्याची साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. ती कोणती, ती कशी वापरावी आणि ती वापरताना कोणती काळजी घ्यावी, एवढ्याच विषयाची मांडणी मी करणार आहे.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी शालेय तपासणीच्या वेळी मला एका शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत पेनड्राइव्हवर चालणारा ध्वनिवर्धक 'नादुरुस्त' म्हणून नोंदलेला आढळला. यंत्र मागवून पाहिले, तो ते धडधाकट होते. शिक्षिकाबाईंनी आपल्या भ्रमणध्वनीवर मोठ्या हौसेने बालगीते मुद्रित केली होती. परंतु त्या फाइली एम-४-ए या स्वरूपाच्या होत्या आणि यंत्राला केवळ एमपी-३ हेच स्वरूप कळत होते. बिचाऱ्या यंत्रावर मुकेपणाचा ठपका बसला. वस्तुतः तेथे दुरुस्तीची नव्हे, रूपांतराची आवश्यकता होती.

तेव्हा प्रथम स्वरूप म्हणजे काय, ते पाहू. आवाज ही हवेतील कंपने होत. संगणक त्या कंपनांचे ठराविक अंतराने मोजमाप करतो आणि ती मापे आकड्यांच्या रूपाने लिहून ठेवतो. ध्वनितबकडीच्या, म्हणजे सी.डी.च्या, पद्धतीत दर सेकंदास ४४,१०० मापे घेतली जातात. प्रत्येक मापास २ बाइट जागा लागते आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात. आता हे गणित इयत्ता पाचवीतील मुलेही करतील : ४४,१०० गुणिले २ गुणिले २ म्हणजे सेकंदास १,७६,४०० बाइट, आणि मिनिटास १,०५,८४,००० बाइट. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे दोन मिनिटे वाचन मुद्रित केले, तर एका तासाच्या मुद्रणास ६३ कोटी ५० लाखांहून अधिक बाइट जागा लागेल. आकड्यांची ही संपूर्ण वही ज्या स्वरूपात जशीच्या तशी ठेवली जाते, त्यास सामान्यतः वेव्ह असे म्हणतात. हे स्वरूप मायक्रोसॉफ्ट आणि आय.बी.एम. या कंपन्यांनी १९९१ मध्ये पुढे आणले.

एवढी जागा प्रत्येक वेळी परवडत नाही, म्हणून आकडे आवळून बांधण्याच्या निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. त्यांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात काहीही टाकून दिले जात नाही. धोतराची घडी घातली म्हणजे ते कमी जागेत मावते आणि घडी उलगडली की पुन्हा पूर्ववत होते, तद्वत हा प्रकार आहे. फ्लॅक हे या वर्गातील मुक्त स्वरूप असून त्याची पहिली अधिकृत आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या वर्गात मात्र मानवी कानास सहसा जाणवत नाही असा आवाजाचा अंश काढून टाकला जातो. मोठ्या आवाजाच्या आड त्याच वेळचा लहान आवाज झाकला जातो, या श्रवणधर्माचा येथे उपयोग केलेला आहे. एमपी-३, बहुतेक एम-४-ए फाइलींत वापरली जाणारी एएसी पद्धत, तसेच व्हॉट्सॲपच्या ध्वनिसंदेशांत वापरली जाणारी ओपस पद्धत ही सर्व या वर्गातील होत. सेकंदास ६४,००० बिट या मापाने एकप्रवाही एमपी-३ केल्यास एका मिनिटास ४,८०,००० बाइट पुरतात. उपरोक्त तासाभराचे मुद्रण मग २ कोटी ८८ लाख बाइटमध्ये, म्हणजे मूळच्या सुमारे बाविसाव्या हिश्श्यात, सामावते. बोलण्याच्या आवाजासाठी एवढे माप पुरेसे आहे.

येथे एक तत्त्व मनात पक्के ठसविले पाहिजे. दुसऱ्या वर्गातील रूपांतरात जे गेले ते गेले. गुऱ्हाळातील चिपाडात पुन्हा रस भरता येत नाही. एमपी-३ फाइलीचे वेव्हमध्ये रूपांतर केले, तर तिचा आकार मोठा होईल. परंतु गमावलेला ध्वनी परत येणार नाही. एवढेच नव्हे, तर एमपी-३ ची एएसी, त्या एएसीची पुन्हा एमपी-३, अशी प्रतीवरून प्रत काढीत गेल्यास प्रत्येक वेळी थोडी थोडी हानी होते. अतएव रूपांतर करावयाचे ते नेहमी मूळ फाइलीवरून करावे आणि मूळ फाइलीस कधीही हात लावू नये.

मराठीच्या शिक्षकास या तत्त्वाचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. ते कसे, ते सांगतो. सेकंदास जितकी मापे घेतली जातात, त्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचेच स्वर मुद्रणात टिकतात. ४४,१०० मापांच्या मुद्रणात २२,०५० कंपनांपर्यंतचा ध्वनी राहतो आणि तो मानवी कानास पुरून उरतो. परंतु दूरध्वनीवरील संभाषणासाठी तयार केलेल्या एएमआर या जुन्या स्वरूपाच्या सर्वसाधारण रूपात सेकंदास केवळ ८,००० मापे असतात. म्हणजे ४,००० कंपनांच्या वरचे सर्व काही नाहीसे होते. आता 'स' या वर्णातील जो सळसळीचा अंश आहे, त्याचा बराच भाग ४,००० कंपनांच्या वरच असतो. 'चार' या संख्यावाचक शब्दातील तालव्य च आणि 'चारा' या शब्दातील दंततालव्य च, 'जराजर्जर' मधील ज आणि 'जरा थांब' मधील ज, हे भेद आपण मुलांच्या कानांवर घालू इच्छितो. आणि नेमके हेच भेद अशा मुद्रणात पुसट होतात. आदर्श वाचन म्हणून आपण जे ऐकविणार, त्यातच स आणि श यांची सरमिसळ झाली असेल, तर मुलाने तसेच उच्चारले म्हणून त्यास दोष कसा द्यावा? त्याचप्रमाणे निकृष्ट मुद्रण ऐकून एखाद्या मुलाचे उच्चार अशुद्ध ठरविणे हेही अन्यायाचे होईल. स्वरूपाची निवड ही केवळ यंत्राची बाब नसून अध्यापनाची बाब आहे, असे मी म्हणतो ते याच कारणास्तव.

आता साधनांकडे वळू. मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिची घडण सर्वांस पाहावयास खुली आहे अशी आज्ञावली. ती चालवावी, तिचा अभ्यास करावा, तिच्यात सुधारणा करावी आणि तिच्या प्रती इतरांस द्याव्यात, असे चारही अधिकार वापरणारास असतात. 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन शब्दांत अंतर आहे. फुकट मिळालेली वस्तू देणारा उद्या बंद करू शकतो. मुक्त आज्ञावलीवरील आपला अधिकार असा काढून घेता येत नाही. शाळेच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा, की सादिलातून एक पैसाही खर्च न करता ती प्रत्येक संगणकावर कायदेशीरपणे बसविता येते आणि शेजारच्या शाळेसही देता येते. चोरीची प्रत वापरून मुलांना प्रामाणिकपणाचा पाठ द्यावयाचा, ही विसंगती त्यामुळे टळते. भारत सरकारनेही आपल्या कार्यालयांत मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले आहे.

आपल्या कामास उपयुक्त अशा तीन आज्ञावली सांगतो.

पहिली ऑडासिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी तिचे काम १९९९ मध्ये आरंभिले आणि २००० मध्ये ती प्रसिद्ध झाली. हिच्यात आवाजाचे चित्र पडद्यावर दिसते, त्यामुळे कोठे खोकला आला, कोठे शाळेची घंटा वाजली, ते पाहून तेवढा भाग कापता येतो. रीत अशी : 'फाइल' या यादीतून 'इम्पोर्ट' निवडून मूळ मुद्रण आत घ्यावे, एकदा संपूर्ण ऐकावे, नको तो भाग काढावा, नंतर त्याच यादीतून 'एक्स्पोर्ट' निवडून एमपी-३ हे स्वरूप, 'मोनो' म्हणजे एकप्रवाही मुद्रण आणि ६४ हे माप ठरवून नव्या नावाने प्रत काढावी. नुसते 'सेव्ह' केल्याने जी फाइल तयार होते, ती ऑडासिटीच्या कामाची कच्ची वही असते. ती ध्वनिवर्धकावर वाजत नाही. तयार प्रत हवी असल्यास 'एक्स्पोर्ट'च केले पाहिजे. कित्येक शिक्षकांची गाडी याच ठिकाणी अडते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. विंडोज प्रणालीवर एम-४-ए फाइल आत घ्यावयाची असल्यास मी पुढे सांगणार आहे त्या एफएफएमपेगची जोडही बसवावी लागते.

दुसरी आज्ञावली व्हीएलसी. पॅरिसजवळील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हा १९९६ सालचा उपक्रम. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला झाला. आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर चित्रपट पाहण्यासाठी ती आधीच बसविलेली असेल. परंतु तिच्या 'मीडिया' या यादीत रूपांतराची सोय आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेथे 'कन्व्हर्ट' निवडावे, फाइल जोडावी, एमपी-३ हा प्रकार पसंत करावा आणि नव्या फाइलीचे नाव व जागा सांगून काम सुरू करावे. ज्यांना कापाकापी करावयाची नाही, त्यांना एवढे पुरेसे आहे.

तिसरी एफएफएमपेग. फ्रान्समधील फाब्रीस बेलार यांनी ती २००० मध्ये सुरू केली. हिला खिडक्या व बटणे नाहीत. आज्ञा टंकलिखित करावी लागते. म्हणून शिक्षक बिचकतात. परंतु आज्ञेची रचना मराठी वाक्याहून सोपी आहे : प्रथम आज्ञावलीचे नाव, नंतर जोडून आडवी रेघ व इंग्रजी आय हे अक्षर, नंतर मूळ फाइलीचे नाव आणि शेवटी नव्या फाइलीचे नाव. नव्या नावाच्या शेपटावरूनच कोणते स्वरूप हवे, ते ती ओळखते. ज्या शिक्षकास चाळीस मुलांच्या चाळीस फाइली बदलावयाच्या आहेत, त्याने ही आज्ञा शिकून घ्यावी; एकदा लिहिलेली ओळ चाळीस वेळा उपयोगी पडते आणि थोड्या अधिक अभ्यासाने संपूर्ण कप्पा एका दमात बदलता येतो.

फाइलीच्या शेपटाचा उल्लेख आला, म्हणून एक गैरसमज दूर करतो. फाइलीच्या नावातील शेवटची अक्षरे खोडून तेथे एमपी-३ असे लिहिले, म्हणजे रूपांतर झाले असे नव्हे. मिठाच्या बरणीवर साखरेची चिठ्ठी लावल्याने मीठ गोड होत नाही. नाव बदलणे वेगळे आणि आतील आकड्यांची बांधणी बदलणे वेगळे.

ही सर्व खटपट कशास, रूपांतर करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, असे कोणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर स्पष्ट आहे. अशा स्थळावर फाइल चढविली, म्हणजे आपल्या वर्गातील मुलाचा आवाज आपण एका अपरिचित माणसाच्या स्वाधीन केला. तो तेथे किती दिवस राहील, कोण ऐकेल, कशासाठी वापरील, हे आपणास कळण्याचा मार्ग नाही. पालक आपल्या लेकरास विश्वासाने शाळेत पाठवितात. त्या विश्वासात त्याचा आवाजही आला. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिलेले आहे. उपरोक्त तिन्ही आज्ञावली शाळेच्या स्वतःच्या संगणकावर, आंतरजालाची जोडणी नसतानाही चालतात. मुलाचा आवाज शाळेबाहेर जातच नाही. डोंगरातील ज्या शाळांत जोडणी मिळत नाही, त्यांची अडचणही यामुळे आपोआप सुटते.

आता या विषयाची दूरवरची बाजू पाहू. शाळेतील मुद्रण आजच्या तासापुरते असते. परंतु काही मुद्रणे पुढील पिढीसाठी असतात. पाड्यावरील वृद्ध स्त्रीने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट, जात्यावरची ओवी, शेतकामाचे गाणे ही त्या प्रकारची होत. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या, त्यांतील हजारो गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजात मुद्रितही झाल्या आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या क्रमाने सर्वांस ऐकावयास मिळू लागल्या. घरोघरी पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले. ओवी मात्र ऐकू येते, ती कोणीतरी वेळेवर मुद्रित केली आणि पुढे ऐकण्याजोग्या स्वरूपात आणली म्हणून.

याच्या उलट गोष्टही घडते. सोनी कंपनीने १९८७ मध्ये डॅट नावाची अंकीय ध्वनिफीत बाजारात आणली. तिचा आवाज उत्कृष्ट होता आणि अनेक संग्राहकांनी ती विश्वासाने वापरली. परंतु २००५ मध्ये त्या कंपनीने ती वाजविणारी यंत्रे करणे बंद केले. फीत शाबूत आणि वाजविणारे यंत्र मिळेनासे, अशी अवस्था पुष्कळ संग्रहांवर ओढवली. स्वरूपावरील हक्कांचाही असाच अडसर असतो. एमपी-३ वरील एकस्वांचे परवाने देण्याची व्यवस्था २०१७ मध्ये संपुष्टात आली. तोपर्यंत ऑडासिटीसारख्या मुक्त आज्ञावलीस एमपी-३ प्रत काढण्याचा भाग स्वतःबरोबर देता येत नसे, तो वापरणारास निराळा मिळवावा लागे. ज्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती, त्यात आपला ठेवा ठेवणे शहाणपणाचे नव्हे. फ्लॅकसारख्या ज्या स्वरूपाची संपूर्ण घडण जाहीर आहे, त्यात ठेवलेला आवाज पन्नास वर्षांनीही कोणी जाणकार उलगडू शकेल. मूळ ठेवा मुक्त स्वरूपात, वापराची प्रत सोयीच्या स्वरूपात, हे सूत्र त्यामुळेच मी आपणांपुढे ठेवीत आहे.

वरील विवेचनावरून निघणाऱ्या सूचना संक्षेपाने सांगतो. त्या सर्व शाळांनी आपल्या सोयीप्रमाणे अमलात आणाव्यात.

१. मुद्रण करताना भ्रमणध्वनीत वेव्हची सोय असल्यास ती निवडावी. नसल्यास उपलब्ध स्वरूपांतील उत्तम दर्जा निवडावा. एएमआर शक्यतो टाळावे.

२. मूळ फाइल 'मूळ' नावाच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावी व तिच्यात कोणताही बदल करू नये. वेव्हची फ्लॅक केल्यास जागा वाचते आणि हानी होत नाही. एम-४-ए मुळातच आवळलेली असते. ती तशीच जपावी.

३. वर्गात ऐकविण्यासाठी एकप्रवाही एमपी-३ प्रत काढावी. बोलण्यास ६४ हे माप पुरे. गायन-वादनासाठी दोन प्रवाह व १२८ अथवा त्याहून अधिक माप घ्यावे.

४. रूपांतरानंतर प्रत आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावी, आणि ती ज्या यंत्रावर वाजवावयाची त्याच यंत्रावर ऐकावी.

५. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, इयत्ता व विषय असावा. मुलाचे पूर्ण नाव घालू नये.

६. मुद्रणापूर्वी पालकांची, आणि वडीलधाऱ्या गायकांची व कथेकऱ्यांची, संमती घ्यावी. त्यांना त्यांचा आवाज एकदा अवश्य ऐकवावा.

७. जपण्याजोग्या मुद्रणांच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्यांपैकी एक शाळेबाहेर, केंद्रशाळेत असावी.

८. आज्ञावली तिच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास अथवा तिच्याबरोबर दुसरेच काही बसवू लागल्यास तेथून परतावे.

यांतील क्रिया प्रत्यक्ष शिकण्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने चालविलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमातील पाठांचा उपयोग होईल. ऑडासिटीवरील पाठही त्यांत आहेत. केंद्रातील दोन शिक्षकांनी ते पाहून पुढील शिक्षण परिषदेत इतरांस प्रात्यक्षिक दाखवावे, अशी माझी सूचना आहे. ज्या शाळेत संगणक बंद आहे, तिने शेजारच्या शाळेचा संगणक आठवड्यातून एक दुपार वापरावा. या कामास त्याहून अधिक वेळ लागत नाही.

बंधुभगिनींनो, मुलाच्या पहिल्या इयत्तेतील वाचनाचा आवाज आणि चौथ्या इयत्तेतील वाचनाचा आवाज त्याच्या पालकांस एकापाठोपाठ ऐकविता आला, तर प्रगतिपुस्तकातील कोणत्याही शेऱ्याहून तो अधिक बोलका ठरेल. त्यासाठी मध्यंतरीची तीन वर्षे ती पहिली फाइल टिकली पाहिजे आणि त्या दिवशी वाजली पाहिजे. हे काम मोठ्या खर्चाचे नाही, मोठ्या विद्वत्तेचेही नाही. नीटनेटकेपणाचे मात्र आहे, आणि तो गुण प्राथमिक शिक्षकाच्या अंगी असतोच.